समाचाराची खुर्ची

मांद्रे,
९ नोव्हेंबर १९८६

चि. सुमंगला हिस अनेक आशीर्वाद.

आईला परवा इस्पितळातून घरी आणले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली. एक शब्द तेवढा राहिला आहे, 'व्हय'. काही विचारले की 'व्हय' म्हणते. तोंडावर तेज आहे. देवाची कृपा म्हणायची.

आता मुद्द्याचे. तू नोकरी सोडून घरी यावेस असे मला वाटते. डिचोलीच्या त्या आझिलात तू लोकांनी टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांचे हागमूत काढतेस. तेच हात जन्मदात्या आईला लागले तर पुण्य तरी पदरी पडेल. पद्मावतीला हे जमणार नाही. ती नाजूक आहे आणि तिच्यामागे घर आहे. तुझा एकटा जीव, आणि तुला याची सवय आहे. तुला घाण वाटत नाही.

तू नर्सिंगला गेलीस तेव्हा मी विरोध केला होता. पुढे गोकुळदासबाबांनी पुतण्यासाठी घातलेली मागणी त्याच कारणावरून मागे घेतली. परपुरुषांची अंगे पुसणारी सून त्यांना नको होती. त्यांचे तरी काय चुकले? पण झाले ते झाले. ते शिक्षण निदान आता घराच्या उपयोगी पडू दे.

समाचाराला माणसे खूप येतात. मराठी राजभाषा समितीच्या कामामुळे माझ्या ओळखी वाढल्या आहेत, त्यामुळे पेडण्याहून, मोरजीहून, पार सावंतवाडीहून सुद्धा येतात. आईची व्यवस्था चांगली दिसायला हवी.

येताना तो पांढरा गणवेश आणू नकोस. लोकांना वाटेल घराचाच आझिल झाला.

तुझा,
गुरुदास


डिचोली,
१६ नोव्हेंबर १९८६

दादा,

पत्र मिळाले. मी येऊन राहणार नाही.

एका माणसाने अंथरुणातल्या एका माणसाचे रात्रंदिवस करायचे, असे आमच्याकडे कुणी करत नाही. आम्ही पाळ्या लावतो. एकटीने करणारी बाई आधी थकते, मग धुसफुसते, मग पेशंटला चिमटे काढते. मी हे पाहिले आहे. प्रेम असले तर चिमटे लवकर सुरू होतात.

आईला इकडे आण. माझ्या वॉर्डात खाट आहे. तिची मुलगी म्हणून नव्हे, पाळीवरची नर्स म्हणून मी तिचे करीन. तिच्या दृष्टीने तेच बरे.

आणायची नसेल तर निदान एवढे करा. तिला एका जागी फार वेळ बसवू नका. दिवसरात्र दोन-दोन तासांनी कूस बदला. ओढू नका, दोघांनी उचला. रोज पाठ आणि बसायची जागा उघडी करून उजेडात बघा. कातडी लाल झाली आणि बोट दाबल्यावर लालीच राहिली, तर मला लगेच कळवा.

'तुला घाण वाटत नाही' असे लिहिलेस. हे तुला कुणी सांगितले?

सुमंगला


मांद्रे,
४ डिसेंबर १९८६

ती. सुमंगलबाय यांना पद्मावतीचा नमस्कार.

यांनी सांगितले म्हणून लिहिते. तुमचे पत्र मी वाचले. इकडे सगळे ठीक आहे. सासूबाई छान आहेत.

सकाळी त्यांना अंग पुसून, लुगडे नेसवून पुढच्या खोलीत, सालात, वोल्टेरवर बसवतो. मामंजींची ती वेताची लांब हातांची खुर्ची. खाटेवर निजवले की माणूस मरायला टेकल्यासारखा दिसतो, असे हे म्हणतात. खुर्चीत त्या बऱ्या दिसतात. बाजूला उशा लावल्या की कलत नाहीत. समाचाराला आलेली माणसे जाईपर्यंत त्या बसतात. कधी दुपार होते, कधी दिवेलागण.

माणसे विचारतात, "बरी आसय मां गे?" त्या म्हणतात, "व्हय." "झील सेवा करता मां?" "व्हय." ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. तुमच्याकडे जायचे का, हे यांनी त्यांना विचारले नाही, कारण इथेच राहायचे ना, असे विचारल्यावर त्या 'व्हय' म्हणाल्या.

मदतीला सरस्वती म्हणून एक सावंतवाडीकडची बाई ठेवली होती. शेतावर कामाला यायची. हे म्हणाले, भाताची लावणी करणारीला हे काय अवघड आहे. ती थोडे दिवस राहिली आणि गेली. म्हणाली, "चिखल परवडलो, बाये. चिखल बघीत रवणा नाय." म्हणजे चिखल आपल्याकडे बघत राहत नाही. हे खूप हसले.

पाव, बिस्किटे, केळी इतकी येतात की खायला माणसे पुरत नाहीत. पाववाल्या पोदेराला रोजचे उंडे नको म्हणून सांगितले आहे.

काळजी नसावी.

तुमची,
पद्मावती


डिचोली,
१२ डिसेंबर १९८६

वहिनी,

तुमचे पत्र दोनदा वाचले. त्यात केळी आहेत, पोदेर आहे, लोकांच्या डोळ्यांतले पाणी आहे. आईची पाठ नाही.

मी एवढेच विचारले होते. तुम्ही पाठ पाहिलेली नाही, असा मी अर्थ घेते. चार खोल्यांचे घर, कामाला माणसे, दारात समाचाराची रांग, आणि एका बाईची पाठ बघायला कुणी नाही. नाजूकपणा इतका महाग पडतो हे मला ठाऊक नव्हते.

वेताच्या खुर्चीत दुपार-दुपार? त्या विणीचे वळ उठतात तिच्या अंगावर. पाहा एकदा.

आणि तिच्या 'व्हय'वर घर चालवू नका. तिच्या डोक्यातल्या बोलायच्या जागेला इजा झाली आहे. तोंडातून एकच शब्द निघतो, तो निघतो. होकार वेगळा. खात्री हवी असेल तर कुणी नसताना तिला विचारा, आई, तुम्ही मेलात का? काय म्हणते ते बघा.

या रविवारी मी येते आहे.

सुमंगला


मांद्रे,
२८ जानेवारी १९८७

सुमंगलबाय,

तुम्ही आला नाहीत. भाषेच्या आंदोलनाने रस्ते बंद होते, बस नव्हत्या, ते इकडेही कळले. पुढे तुम्ही पत्र पाठवले असेल तर मला मिळालेले नाही. आधीचे माझे पत्र यांनी वाचून मगच पेटीत टाकले होते. हे मी स्वतः पेडण्याच्या बाजारात टाकते आहे. उत्तर आमच्या वाड्यावरच्या पुंडलिकाच्या दुकानाच्या पत्त्यावर घाला. हे तिकडे जात नाहीत.

मी पाठ पाहिली होती. ते पत्र लिहिताना पाहिलेली होती. लाल चट्टा होता, आणि त्यात वेताची वीण उठली होती. जाळीसारखी. यांना दाखवली. हे म्हणाले, बसून-बसून सगळ्यांनाच होते.

आता ती लाल नाही. आधी जांभळी झाली, मग काळी. मग काळे सुटले. आता तिथे भोक आहे. माझी मूठ जाणार नाही, पण लहान पोरीची जाईल.

वास येतो. कसा ते लिहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. समाचाराची माणसे नाक चोळू लागली, तेव्हा यांनी पावडरीचे डबे आणले. भोकात पावडर भरतात. वर सुती कापड, वर लुगडे. खुर्चीखाली धूप. परवा धुपाचा निखारा लुगड्याला लागला आणि सासूबाईंनी हूं की चूं केले नाही. त्यांच्या त्या अंगाला कळतच नाही. "भाजलें?" म्हणून मी विचारले. "व्हय," म्हणाल्या. "भाजूंक ना मां?" "व्हय."

तुम्ही सांगितले ते मी विचारले. कुणी नव्हते. "आई, तुम्ही मेलात?" त्यांनी माझ्याकडे बघितले आणि म्हटले, "व्हय." तेव्हापासून मला जेवण जात नाही.

पावडर मी खरवडून काढते. ती आतल्या ओलीने लापशीसारखी होते. मग मागच्या दारी जाऊन मी ओकते. रोज. सासूबाई ऐकतात. मला शिसारी येते, सुमंगलबाय. स्वतःच्या सासूची. तुमच्या हाताला जे जमते ते माझ्या हाताला जमत नाही. माझ्यात काही कमी आहे का, तेवढे कळवा. मग मला जे वाईट म्हणायचे ते म्हणा.

पद्मावती


डिचोली,
३ फेब्रुवारी १९८७

वहिनी,

मी तुमच्यावर अन्याय केला. त्यावर जास्त लिहीत नाही. डिसेंबरात म्हापशापर्यंत आले होते. पुढे गाडी नव्हती. नंतर पाठवलेली पत्रे तुमच्या हाती आली नाहीत, हे आता कळले.

तुमच्यात काही कमी नाही. शिसारी मलाही येते.

मला कफाची येते. बाकी सगळे मी करते, कफाचे भांडे हातात घेतले की पोट वर येते. इतकी वर्षे झाली, गेली नाही. आमच्यातल्या प्रत्येकीची एक ठरलेली असते. मनीषाला कवळ्यांची. सुशीलाला उलटीची, आणि तिला दोन मुले आहेत. पाळ्या लावताना आम्ही एकमेकींचे ते सांभाळून घेतो. सुशीलाच्या पेशंटला उलटी झाली की मी जाते, माझ्या पेशंटचे भांडे ती नेते. नवीन मुलगी आली की आम्ही पहिल्या दिवशी तिला विचारतो, तुला कशाची? ती म्हणाली, मला कशाचीच नाही, तर आम्ही तिच्यावर नजर ठेवतो.

हे बाहेर कुणाला सांगत नाही. बाहेर लोकांना वाटते, आमच्या नाकाला काही कळत नाही म्हणून आम्ही इथे आहोत. जसा एखाद्याला एक डोळा नसतो. किंवा वाटते की आम्ही देव्या आहोत. जो व्यंग म्हणतो आणि जो देवी म्हणतो, दोघेही आपला माणूस आमच्या दारात सोडून लवकर घरी जातात. दादा एका पत्रात दोन्ही म्हणाला, 'घाण वाटत नाही' हेही आणि 'पुण्य' हेही.

आता काम. तोंडाने श्वास घ्या. नाकाखाली थोडे नीलगिरी तेल लावा. पावडर पूर्ण बंद. पाणी उकळून, मीठ घालून, कोमट करून जखम धुवा. स्वच्छ कापड भिजवून, पिळून भरा. खुर्ची बंद. कुशीवर निजवा, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. ओकायचे असेल तर काम अर्धे ठेवून जा, ओका, हात धुवा, परत या. त्यात लाज नाही. परत आलात की झाले.

पण हे सगळे वेळ काढण्यासाठी आहे. भोक पडले म्हणजे आत हाडाकडे चालले आहे. डॉक्टरने मेलेले मांस कापले नाही तर विष अंगात जाईल आणि आई त्यानेच मरेल. तिला तिथून बाहेर काढायला हवी. रविवारी येते. गणवेशात येते.

यापुढे मला 'तुम्ही' म्हणू नका.

सुमंगला


मांद्रे,
११ फेब्रुवारी १९८७

सुमंगला,

रविवारी तू जो तमाशा केलास, त्यानंतर आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

समितीची चार प्रतिष्ठित माणसे सालात बसलेली. तू पांढऱ्या गणवेशात, पायांत बूट, सरळ आत शिरलीस आणि आईच्या लुगड्याला हात घातलास. मी हात धरला नसता तर तू तिला सगळ्यांसमोर उघडी केली असतीस. आझिलात हेच शिकवतात? तिथे माणसाला लाज राहत नाही हे मी ऐकून होतो. नर्सचीही जाते हे पाहिले.

जखम आहे, मान्य. वैद्य लेप देतो आहे. म्हातारपणी हे व्हायचेच. पण मुलगा असताना आईला आझिलात टाकली, असे या तालुक्यात माझ्याबद्दल कुणी म्हणणार नाही. तूच तिला विचारलेस ना माझ्यासमोर, डिचोलीला येतेस का म्हणून? ती 'व्हय' म्हणाली. मग मी विचारले, इथेच राहतेस ना? तेव्हाही 'व्हय' म्हणाली. शेवटचे उत्तर धरायचे असते.

गोकुळदासबाब एवढेच म्हणाले की त्यांनी वेळेवर विचार बदलला ते बरे झाले. मला मान खाली घालावी लागली.

पुन्हा येऊ नकोस.

गुरुदास


डिचोली,
१५ फेब्रुवारी १९८७

दादा,

तू माझा हात धरलास तेव्हा तुझा चेहरा मी जवळून पाहिला. तू नाकाने श्वास घेत नव्हतास. तुलाही वास येतो.

खाट अजून रिकामी आहे.

सुमंगला


मांद्रे,
२ जून १९८७

सुमंगला,

सासूबाईंना तुझ्याकडे उतरवून मी त्याच जीपने परत आले, तुझ्याशी नीट बोलता आले नाही. तू डॉक्टरबरोबर आत होतीस. म्हणून लिहिते.

तू गेल्यानंतर मी तू सांगितलेले करत राहिले. हे पेडण्याला आपल्या दुकानावर गेले की खुर्चीतून खाटेवर. मीठपाणी, कापड, कूस. यांची स्कूटर वाजली की परत खुर्ची. दिवसाचे तेवढेच तास. जखम वाढायची थांबली होती असे मला वाटत होते. मग मे महिन्यात समाचाराची माणसे परत वाढली. गोवा वेगळे राज्य होणार म्हणून सगळे इकडून तिकडे फिरत होते आणि वाटेत आमच्याकडे उतरत होते. सासूबाईंच्या अंगात ताप राहू लागला.

राज्य झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे समितीची बैठक होती. आता मराठीचे पुढे काय, यावर. गोकुळदासबाब मधोमध, यांच्या बाजूला. साल भरलेला. जनेलाच्या गजांशीसुद्धा माणसे उभी. सासूबाई नव्या लुगड्यात, वोल्टेरवर, सगळ्यांना दिसतील अशा. यांनीच पावडर भरली होती. सकाळी मला हात लावू दिला नाही.

गोकुळदासबाब बोलले. मराठी ही आपली आई आहे, आणि आईला कसे ठेवायचे हे या घराकडून शिकावे, असे म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंच्या ओठावर एक माशी बसली होती. डावा हात त्यांना हलवता येतो, पण त्यांनी ती उडवली नाही. ताप चढला होता.

मी चहाचा ट्रे घेऊन आत आले. गोकुळदासबाब वाकून हसत विचारत होते, "काय गे वैनी, मराठीचो जय जातलो मां?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. कुणीतरी म्हणाले, कौल मिळालो. परत टाळ्या. हे सुद्धा हसले.

मला ओकारी आली. पण ती सासूबाईंची नव्हती. इतके महिने मी मागच्या दारी जाऊन ओकत होते, मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की ओकारी कशाची.

मी ट्रे मेजावर ठेवला आणि विचारले, "आई, तुम्ही मेलात?"

"व्हय," त्या म्हणाल्या.

कुणी हसले नाही. हे म्हणाले, "पद्मावती, आत जा." असे शुद्ध मराठीत. घरात हे माझ्याशी कधी मराठी बोलत नाहीत.

मी म्हटले, "कूस बदलायची वेळ झाली." आणि तू सांगितलेस तसे त्यांच्या काखेत हात घातले. एकटीला उचलता येईना. मी म्हटले, "कोणी तरी पाय धरा." कुणी हलले नाही. तेव्हा शिवदास पुढे झाले. गोकुळदासबाबांचे पुतणे, तेच, ज्यांच्याशी तुझे होणार होते. त्यांची जीप बाहेर होती, ते नुसते चालवायला आले होते. त्यांनी पाय धरले. आम्ही सासूबाईंना तिथेच, सालात, चटईवर कुशीवर निजवले. लुगडे मागून ओले होते. मी ते सोडले.

पावडर बाहेर पडली. गोळेच्या गोळे, पिवळे. मग वास. तुला काय सांगू. धूप, नीलगिरी, काही उरले नाही, नुसता तोच. जनेलातली माणसे आधी गेली. मग दारातली. एक मास्तर तोंडावर टोपी धरून गेले. गोकुळदासबाब उठले, त्यांचा चहाचा कोप मेजावरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. शिवदास बाहेर ओसरीवर, बलकांवात, जाऊन ओकले. मग परत आत आले. ते परत आले म्हणून मी लिहिते.

मी त्यांना म्हटले, जीप हवी. ते "बरें" म्हणाले. काकांकडे त्यांनी बघितले सुद्धा नाही.

हे खुर्चीजवळ उभे होते. वेतावर डाग पडला आहे, गोल, त्याकडे बघत. आम्ही सासूबाईंना बाहेर नेताना म्हणाले, "लोक काय म्हणतील गे?" मी म्हटले, "लोक गेले."

माझे काय व्हायचे ते होवो. त्या जगतील का, तेवढे कळव.

तुझी,
पद्मावती


डिचोली,
२० जून १९८७

पद्मावती,

जगते आहे. पहिला आठवडा मला खात्री नव्हती.

डॉक्टरांनी काळे सगळे कापले. खाली हाड दिसत होते. आता तळाशी लाल दाणे धरू लागले आहेत. भरायला वर्ष जाईल, भरली तर. तुझ्या मीठपाण्याने वेळ मिळाला. तो मिळाला नसता तर ती मार्चमध्येच गेली असती. हे तुला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही, तसे आहे म्हणून लिहिते.

तिची ड्रेसिंग मी करत नाही. सुशीला करते. तिची जखम मला बघवत नाही, म्हणून आम्ही पाळी बदलून घेतली. आता माझी दुसरी शिसारी कोणती ते वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे.

खाणीच्या ट्रकांची धूळ पावसाने खाली बसली. चादरी पांढऱ्या राहतात. आईला जनेलाजवळची खाट दिली आहे.

परवा सुशीलाने तिला वळवायला धरले तर आई म्हणाली, "नाका."

'व्हय' सोडून पहिला शब्द, आणि तोही नकाराचा. सुशीला थांबली. मला हाक मारली. मी विचारले, "दुखता?" "व्हय." "आतां वळोवं?" "नाका." थोड्या वेळाने परत विचारले. "व्हय." मग वळवले. सात महिन्यांनी तिला काही विचारण्यात अर्थ आला.

दादा एकदा आला होता. केळी घेऊन. वॉर्डाच्या दारात रुमाल नाकाला लावून उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "आई, बरी आसय मां?" आई म्हणाली, "नाका." तो केळी खाली ठेवून गेला. केळी आम्ही वाटली.

तू कशी आहेस ते लिही. त्याने तुला काही केले का ते आधी लिही.

सुमंगला


मांद्रे,
९ ऑगस्ट १९८७

सुमंगला,

यांनी काही केले नाही. बोलत नाहीत. जेवायला पाट घेऊन बलकांवात बसतात. समितीची माणसे येत नाहीत. वोल्टेर मी मागच्या दारी नेऊन फोडली आणि चुलीत घातली. वेत फार धूर करतो.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, तुला हसू येईल की राग येईल ते ठाऊक नाही.

वाड्यावर आता माझे नाव झाले आहे. कुणी पडले, कुणाचे अंथरुण भिजले, की मला बोलावणे येते. त्या दिवशी टोपी तोंडाला लावून गेलेल्या मास्तरांच्या बायकोनेच सुरुवात केली. म्हणाली, "तुका बरें, तुका घाण येना." देवळात बायका माझ्यापासून थोड्या लांब बसतात आणि बाहेर आल्यावर म्हणतात, केवढी तुझी सेवा गे, देवीच तू. तू लिहिले होतेस ते दोन्ही. मला वाटले होते, लोकांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे त्यांना काही कळेल. त्यांना एवढेच कळले की हे करायला कुणाला बोलवावे.

गेल्या सोमवारी गोकुळदासबाबांनी जीप पाठवली. त्यांची पत्नी महिन्यापूर्वी न्हाणीत पडली, कंबर मोडली. शिवदास न्यायला आले होते. वाटेत म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तरी चालेल. मी म्हटले, बघते.

गोकुळदासबाब दारातच उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, आमच्या घरात हे कुणाला जमत नाही. तुमची गोष्ट वेगळी. तुका त्याची घाण येना मां?"

"येता," मी म्हटले. "तुमकां येता तशीच."

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिले. साल भरलेला होता. समाचाराची माणसे चहा घेत होती. मधोमध त्यांची पत्नी, नवे लुगडे नेसवलेली, दोन्ही बाजूंना उशा लावून खुर्चीत बसवलेली. डोळे मिटलेले. पावडरीचा वास दारापर्यंत येत होता.

मी पायरी चढले नाही. तिथूनच मोठ्याने विचारले, हिला खुर्चीतून उचलायला माझ्याबरोबर कोण येते?

शिवदास माझ्या मागे होते, ते पुढे आले. बाकीच्यांनी कोप तोंडाला लावले.

तुझी,
पद्मावती